जाळ्यात सापडलेले विमान

१९५७ साल. शिमगा पंधरा दिवसांवर आला होता आणि मिठबावच्या शाळेत मास्तरीण म्हणून मला आठ महिने झाले होते. त्या शुक्रवारी सकाळी देवबागहून माझ्या भावाचे, विठोबाचे कार्ड आले. तो बोलायचा तसेच लिहायचा.

"बाबली सापडलो. इन्सुलीच्या नाक्यार चायचा दुकान घातल्यान आसा. सोमवारी मी आणि काका जातंव. आयेक कळवू नको."

परक्याला या चार ओळींतून काही कळले नसते. मला कळले. सोमवारी माझा भाऊ एका माणसाची मान कापणार होता आणि मग फासावर जाणार होता. तो चोवीस वर्षांचा होता. त्याला तेरा वर्षे याच कामासाठी वाढवले होते.

ते तेरा वर्षांपूर्वीचे आधी सांगते.

१९४४ चा जानेवारी. मी आठ वर्षांची होते. माझे वडील गुणाजी आणि बाबली एकाच होडीवर जात. बाबली आमचा नातेवाईक नव्हता, शेजारचा पोरका मुलगा. वडिलांनी त्याला होडीवर घेतले, लग्न लावून दिले. आता त्याला स्वतःची होडी हवी होती. यावरून आदल्या संध्याकाळी दोघांचे किनाऱ्यावर वाजले.

"माझ्या होडीत वाढलंस आणि आता माकाच दात दाखवतंस?" वडील म्हणाले. "तू होडी हाकतलंस? तुका म्हस तरी हाकूक येता काय?"

लोक हसले. बाबली नारळ सोलत होता, त्याच्या हातात कोयता होता. तो उठून म्हणाला, "परत असा बोललंस तर ह्याच कोयत्यान मान उतरवीन तुझी."

वीसेक माणसांनी ते ऐकले. पहाटे दोघे नेहमीसारखे एकाच होडीतून गेले, कारण मासे भांडणासाठी थांबत नाहीत.

दुपारी बाबली एकटा आला. खाडीच्या तोंडाशी एका फळीला धरून तरंगत होता. डोके फुटले होते, अंगावर रक्त होते. लोकांनी वाळूत ओढून घेतला तेव्हा तो एकच बोलत राहिला.

"विमान इला. धूर सोडीत इला, अगदी पाण्याबरोबर. डोलकाठी नेल्यान, जाळा नेल्यान. गुणाजीक नेल्यान."

तिसऱ्या दिवशी वडील किनाऱ्याला लागले. मुलांना दूर नेले होते, पण मी सुरुच्या झाडाआडून पाहिले. मान मागून अर्धीअधिक कापलेली होती. माशांनी खाल्लेली कड फाटकी दिसते. ही सरळ होती, शहाळे छाटल्यासारखी. आई धुवायला बसली तेव्हा डोके एका बाजूला कलंडत होते, आणि ती ते पुन्हा पुन्हा सरळ करत होती, झोपलेल्या मुलाचे करावे तसे.

माझा काका भिकाजी तिथे उभा होता. तो म्हणाला, "ह्यो कोयत्याचो घाव."

त्याच दिवशी आचऱ्याकडून आलेल्या कुणी सांगितले की मिठबावला विमान पडले आहे. आज वाटते, तिथेच सगळे उलगडायला हवे होते. पण उलटे झाले. काकाने सगळ्यांसमोर विचारले, "मिठबाव खंय आणि देवबाग खंय? वारो बरो आसलो तरी होडीक अर्धो दिवस लागता. थंय पडलेला विमान हंय माणूस कसो मारतला? ह्येना ती बातमी ऐकल्यान आणि गोष्ट रचल्यान."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या लोकांना समुद्रातले अंतर एकाच मापाने कळे, शिडाच्या. त्या मापाने काकाचे बरोबर होते. पाण्यात पडून असलेल्या बाबलीला ती बातमी कोण सांगणार, हे कुणाच्या डोक्यात आले नाही.

पोलीस पाटलाने अपघात म्हणून लिहून टाकले. लढाईचे दिवस होते, वर कुणी विचारले नाही. बाकीचे गावाने केले.

बाबलीला घरातून ओढून आणले. त्याची बायको रुक्मिणी मागून ओरडत आली, तिला दोघा बायकांनी धरून ठेवले. काकाने पालथ्या घातलेल्या होडीवर बाबलीचा उजवा हात आडवा ठेवला. दोघे त्याच्या पाठीवर बसले. काकाने वल्हे डोक्यावर नेऊन कोपरावर मारले. पहिल्या फटक्याला ओले लाकूड मोडते तसा आवाज आला. तो तिसऱ्या फटक्यापर्यंत थांबला नाही. "परत होडीर चढचस नाय," म्हणाला.

मग त्याने मला पुढे ओढले. वल्ह्याचे ढलपे निघाले होते, त्यातला एक माझ्या हातात दिला. "बापाशीसाठी मार."

मी मारला. तोंडावर मारला. ओठ फाटून रक्त आले. बाबली माझ्याकडे बघत होता. मला घरी रोज खांद्यावर बसवणारा माणूस होता तो. काका त्याच दिवशी त्याला संपवणार होता, पण आई मध्ये पडली. "माझ्या दारात दुसरा मडा नको," म्हणाली. रात्रीच्या आत बाबली आणि रुक्मिणी गाव सोडून गेली.

तेव्हापासून काका विठोबाला जेवताना सांगे, "हात मोडलो. मान शिल्लक आसा."

आता पुन्हा त्या शुक्रवारकडे येते. कार्ड पदरात बांधून मी शाळेत गेले. काय शिकवले आठवत नाही. शाळा सुटल्यावर दाजी मास्तरांनी बोलावले. ते आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. माझे इंग्रजी बरे आहे असा त्यांचा समज होता.

"बसा नर्मदाबाई. सरकारी पत्र आले आहे. उत्तर लिहायला मदत हवी," ते म्हणाले, आणि पेटीच्या तळातून पोस्टकार्डाएवढा एक फोटो काढला. "हा मी तेरा वर्षे कुणाला दाखवला नाही. लढाईत पडलेल्या विमानाचा फोटो काढणे गुन्हा होता. कॅमेरा माझाच."

फोटोत मिठबावचे काळे खडक होते आणि त्यावर नाकाने आदळलेले विमान. एक पंख मोडून पडलेला. भोवती दहाबारा माणसे, कुणी टोपी नीट करून उभे.

"उधाणाने तिसऱ्या दिवशी ओढून नेले. सोल्जर आले पाचव्या दिवशी, तेव्हा खडक रिकामे," दाजी म्हणाले. "आत एकच जण होता. छाती समोरच्या यंत्रांखाली दबलेली, तोंड जळलेले. आम्हीच वर सुरुच्या बनात पुरला. मागच्या वर्षी पेपरात आले होते की अशा विमानांची माहिती हवी आहे, म्हणून मी लिहिले. आता ते विचारतात, कुठले विमान? त्या महिन्यात दोन गेली. दोघांच्या घरची माणसे अजून विचारत आहेत. एकाची आई आहे."

त्यांच्याकडे युद्धाच्या वेळी शाळेत वाटलेला विमानांच्या आकृत्यांचा तक्ता होता. तो जमिनीवर पसरून ते भिंग घेऊन बसले. मीही बसले, कारण घरी जाऊन करायचे काय हे मला सुचत नव्हते.

"पंख्याला पाती तीन. पाठीवर कुबड. आणि हे बघा, पोटाखाली मध्यभागी इंजिन थंड ठेवणारी पेटी. स्पिटफायरला ती पंखाखाली असते. म्हणजे हे हरिकेन. इथवर माझे जमले," दाजी म्हणाले. "पण गेलेली दोन्ही हरिकेनच. फरक अंगावरच्या मोठ्या अक्षराचा. एकावर इंग्रजी के, दुसऱ्यावर आर. आणि नेमके अक्षराचे डोके झाकलेले आहे. खालचे दोन पाय दिसतात, ते दोघांचेही सारखेच."

"कशाने झाकलेय?"

"जाळे आहे. खडकावरून ओढायला कुणीतरी टाकले असेल, असे मी समजत होतो. पण टाकले कुणी, ते कुणी सांगत नाही. हा आमचा आबा बघा, कसा उभा आहे. जाळ्याचा बोया हातात धरून, जसे काही विमान यानेच पाडले."

मी भिंग घेतले. जाळ्याच्या वरच्या दोरीला पांगाऱ्याचे हलके लाकडी तुकडे बांधतात, त्यांना आम्ही बोये म्हणतो. प्रत्येक घर तापल्या सळीने आपल्या बोयांवर खूण डागते. आमच्या घरची खूण तीन उभ्या रेघा. मी सात वर्षांची असताना हट्ट केला म्हणून वडिलांनी एक बोया मला डागायला दिला. सळी घसरली आणि चौथी रेघ उठली, तिरकी, बाकीच्या तीन रेघांना कापणारी. मी रडायला लागले तेव्हा वडील म्हणाले होते, "रडतंस कित्याक? ह्यो तुझो बोयो. ह्येका मासो जास्ती लागतलो."

आबाच्या हातातल्या बोयावर चार रेघा होत्या. चौथी तिरकी होती.

मी भिंग खाली ठेवले. दाजी म्हणाले, "काय झाले?"

"मास्तर, देवबागहून मिठबावला यायला विमानाला किती वेळ लागतो?"

त्यांनी मनाशी हिशेब केला. "पाच मिनिटे. हे बिघडलेले होते, दहा धरा."

दहा मिनिटे. काकाने अर्धा दिवस म्हटले होते.

मी दाजींना सगळे सांगितले, वल्ह्याच्या ढलप्यासकट. त्यांनी फोटो कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सरकारला आठवडाभर थांबता येईल. घेऊन जा. पण परत आणा."

शनिवारी शाळा करून निघाले. एस.टी., आचऱ्याच्या खाडीवर तरीची होडी, पुन्हा एस.टी., आणि तारकर्लीपासून वाळूतून पायी. रविवारी सकाळी घरी पोचले तर काका अंगणात बसून कोयत्याला धार लावत होता. विठोबा शेजारी होता. आई यमुनाबाई आत चुलीवर पेज शिजवत होती.

"मास्तरीणबाय इली," काका म्हणाला. "सुटी कसली? कोण मेलो?"

"अजून कोण नाय," मी म्हटले आणि फोटो विठोबाच्या हातात दिला. जाळे दाखवले. बोया दाखवला. भिंग आणले नव्हते, त्याने फोटो डोळ्याशी नेला. त्याला ती रेघ आठवत होती, कारण त्या दिवशी तो मला सर्वांत जास्त हसला होता.

"ह्यो तुझो बोयो," तो हळू म्हणाला.

"मिठबावच्या विमानार आसा. बाबली खरा बोलत होतो."

काका उठला. मला वाटले फोटो बघायला उठला. त्याने माझे केस मुठीत धरले आणि डोके दाराच्या चौकटीवर आपटले. "चार बुका शिकलंस म्हणान माका शिकवतंस? बापाशीक मारल्यान तेका राखतंस?" दुसऱ्यांदा आपटले तेव्हा कपाळातून रक्त डोळ्यात उतरले. त्याने विठोबाकडून फोटो हिसकला, आत शिरला आणि चुलीत टाकला.

विठोबाने चुलीत हात घातला. फोटो निघाला, एक कोपरा जळला होता. काकाने कोयत्याची उलटी बाजू त्याच्या खांद्यावर घातली. विठोबा गुडघ्यावर बसला, उठला आणि काकाच्या तोंडावर ठोसा मारला. काकाचे पुढचे दोन दात जमिनीवर पडले. मग काकाने कोयता सुलटा केला. ज्या माणसाने विठोबाला वडिलांच्या जागी वाढवले, तो त्याच्या मानेचा नेम धरत होता. मी काकाच्या पायांना मिठी मारली, त्याने छातीत लाथ घातली.

आई चुलीपासून उठली. पेजेचे भांडे फडक्याने धरले आणि उकळती पेज त्याच्या कोयत्याच्या हातावर ओतली.

काका किंचाळला. कोयता पडला. तो भिंतीला टेकून खाली बसला, हातावर शिते चिकटलेली होती आणि त्यांच्याखाली कातडी सुटत होती. मग लहान आवाजात म्हणाला, "मगे माझ्या हातान झाला काय ता?"

"बाबलीचो हात मोडलो," आई म्हणाली. "आणखी काय व्हयचा होता?"

तिने फोटो मागितला, पदराने पुसला आणि बोयावर बोट ठेवून बसली. मग विठोबाला म्हणाली, "इन्सुलीक जावचा होता मा? जा."

सोमवारी आम्ही दोघे गेलो. विठोबाचा खांदा फडक्याने बांधला होता, माझे कपाळ. गोव्याच्या रस्त्यावरच्या त्या नाक्यावर पोलिसांची चौकी, अडसर आणि समोर गवताने शाकारलेले चहाचे दुकान. बाबली डाव्या हाताने चहा गाळत होता. उजवा हात कोपरापासून वाळक्या शेंगेसारखा लोंबत होता. समुद्र तिथून कुठेच दिसत नाही. त्याने मुद्दामच तशी जागा धरली असावी.

रुक्मिणीने आम्हांला आधी ओळखले. तिने विळी उचलली आणि नवऱ्याच्या पुढे आली. "आता खंयचो हात मोडूक इलास?"

"माझो," विठोबा म्हणाला. त्याने कमरेचा कोयता काढून बाकावर ठेवला, चुलीजवळचे एक जाड लाकूड घेऊन बाबलीच्या पायाशी ठेवले, आणि आपला उजवा हात बाकावर पसरला. मी फोटो बाबलीसमोर धरला आणि सांगितले. माझे बोलणे संपेपर्यंत तो फोटोकडे बघत होता.

"ह्याच ता," म्हणाला.

मग त्याने डाव्या हाताने लाकूड उचलले. मला वाटले, बाजूला टाकेल. त्याने विठोबाच्या हातावर मारले. अंगठ्याकडची दोन बोटे मोडली, तो आवाज मी ओळखला. विठोबाने हात मागे घेतला नाही. रुक्मिणीने तोंड फिरवले. चौकीवरचा शिपाई धावत आला तेव्हा बाबली त्याला म्हणाला, "काय नाय साहेब. घरचा भांडाण."

विठोबा अजून हात तसाच ठेवून होता. "मार. कोपर रवला."

"दुसरो मारूचंय नाय," बाबली म्हणाला. "माका एकच हात आसा, चाय करूची आसा."

त्याने लाकूड चुलीत सारले आणि माझ्याकडे वळला. "तू मारललंस मा गो? तोंडार."

"होय."

"तो दात अजून हलता," तो म्हणाला. चहा पुढे ठेवला.

रुक्मिणीने विठोबाची बोटे कामट्या लावून बांधली. बांधताना बाबली आपणहून बोलू लागला. "जाळा डोलकाठीर मीच चढवलंय, सुकूक. गुणाजी नको म्हणत होतो, भर दर्यात जाळा वर काढू नये म्हणत होतो. मी ऐकलंय नाय, आदल्या दिवसाचो राग होतो. जाळा वर नसता तर विमान वरच्यावर गेला असता. दोरयेन तेची मान धरल्यान. तुझ्या काकान माझो हात मोडलो तेवा मी कित्याक जास्ती बोललंय नाय, ता आता कळला?"

आमचे वडील त्याला म्हशीचे बोलले होते, तो मानेचे बोलला होता, आणि मध्येच कुठल्यातरी आईचा मुलगा धूर सोडत आला होता.

त्या आईवरून मला दाजींचे पत्र आठवले. मी बाबलीला विचारले, विमानाच्या अंगावर मोठे अक्षर होते, पाहिले होते का?

"तेरा वर्सां रोज बघतंय," तो म्हणाला. त्याला कुठलेच अक्षर वाचता येत नव्हते. त्याने सांडलेल्या चहात बोट बुडवून बाकावर काढले. एक उभी काठी. काठीच्या मधून एक फाटा खाली गेला. आता वरचा फाटा राहिला. तो वळून काठीला मिळाला असता तर आर. बाबलीचे बोट तिरके वर गेले आणि तिथेच थांबले. वर तोंड उघडे राहिले, बेचकीसारखे.

के.

ज्याचा एक शब्द कुणी खरा मानला नव्हता, त्याच्या साक्षीवर सरकारने विमान ओळखले.

दाजींनी जळक्या कोपऱ्याचा फोटो सरकारला पाठवला, पण आधी एक प्रत काढून घेतली. ती माझ्याकडे आहे. त्या मुलाच्या आईचे पत्र पुढच्या वर्षी आले, दाजींनी ते शाळेत वाचून दाखवले. मुलगा बावीस वर्षांचा होता. दाजी १९६१ च्या पावसात गेले.

भिकाजी काका त्यानंतर दर्यावर गेला नाही. भाजलेल्या हाताची बोटे चिकटून राहिली. एकदा तो इन्सुलीला गेला होता हे आम्हांला रुक्मिणीकडून कळले. बाकावर बसला, चहा प्यायला, उठून परत आला. बाबलीने त्याला ओळखले होते, चहात साखर नेहमीसारखीच घातली होती. काका १९६३ साली वारला. आई त्याच्या आधी एक वर्ष. शेवटपर्यंत त्याला जेवण तीच वाढत असे.

विठोबाची दोन बोटे वाकडीच जुळली. गाठी मारता येत नसत, म्हणून त्याच्या नव्या जाळ्याचे बोये मी सुट्टीत येऊन बांधले आणि डागले. तेव्हापासून आमच्या घरची खूण चार रेघा आहे. तो म्हातारा होऊन गेला, चार मुलांचा बाप होऊन.

मिठबावच्या आबाला मी तो बोया मागायला गेले होते. एका पावसाळ्यात सुके लाकूड नव्हते तेव्हा तो चुलीत गेला, असे त्याची सून म्हणाली.

बाबली समुद्राकडे परत आला नाही. गोवा मोकळा झाल्यावर नाक्यावर गाड्या वाढल्या आणि त्याला दुसरा बाक करावा लागला. मी दर मे महिन्यात जाई आणि दर वेळी विचारी, "दात कसो आसा?" तो म्हणे, "हलता." १९६७ साली मी विचारायच्या आधीच त्याने सांगितले, "पडलो गो. छपरार फेकून दिलंय." पुढच्या दिवाळीआधी तो गेला. रुक्मिणीने दुकान आणखी पाच वर्षे चालवले.